सॉफ्टवेअर एकस्वे व समाजमाध्यमे

नवीन शोधाची संपूर्ण माहिती उघड करून दिल्याच्या मोबदल्यात शोधकास शासनाकडून ठराविक मुदतीपुरता जो अनन्य हक्क मिळतो, त्यास एकस्व किंवा व्यवहारातील रूढ शब्दाने पेटंट म्हणतात [⟶ एकस्व]. यंत्र, रासायनिक पदार्थ अथवा उत्पादनाची प्रक्रिया यांवरील एकस्वाची सीमा आखणे तुलनेने सोपे असते; कारण ज्यावर हक्क सांगितला जातो ती वस्तू किंवा कृती डोळ्यांना दिसते. संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, यांवर असा हक्क द्यावा काय आणि दिल्यास तो कोठवर पोहोचावा, हा प्रश्न १९६० नंतरच्या दशकांत उपस्थित झाला आणि समाजमाध्यमांच्या प्रसारानंतर तीव्र बनला. ओळखीच्या माणसाला निमंत्रण धाडून ओळखींचे जाळे विणणे, परिचितांच्या हालचालींची ताजी यादी पडद्यावर आणणे, मजकुरावर पसंतीची खूण करणे, छायाचित्रातील व्यक्तीस नाव जोडणे, न वाचलेल्या संदेशांची संख्या लहानशा ठिपक्यात दाखविणे, पडदा बोटाने खाली ओढून नवा मजकूर मागविणे, या गोष्टी नांदेड किंवा लातूर येथील बसस्थानकावर उभा असलेला विद्यार्थी दिवसातून कितीतरी वेळा करतो. यांपैकी प्रत्येक गोष्टीवर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) कोणी ना कोणी एकस्व मिळविले आहे अथवा आपल्या जुन्या एकस्वाच्या बळावर तिच्यावर हक्क सांगितला आहे.

कॉपीराइट व एकस्व : आज्ञावलीस कायद्याचे संरक्षणच नाही, असा एक गैरसमज आढळतो. भारताच्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीत करण्यात आला. त्यामुळे दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली उतरवून घेणे हा गुन्हा ठरतो. मात्र कॉपीराइट शब्दरचनेचे रक्षण करतो, तिच्यामागील कल्पनेचे नाही. तेच कार्य करणारी आज्ञावली एखाद्याने स्वतंत्रपणे, पहिली न पाहता लिहिली, तर कॉपीराइटचा भंग होत नाही. एकस्वाचे तसे नाही. ते कार्यपद्धतीवर असते आणि ‘मी ही पद्धत स्वतःच्या बुद्धीने शोधली, दुसऱ्याचे काही पाहिले नाही’ हा बचाव एकस्वभंगाच्या दाव्यात चालत नाही. चाळीस जणांना एकच उपाय आपापल्या परीने सुचला, तरी हक्क त्यांतील एकाचाच राहतो. आज्ञावली लिहिणाऱ्यांचा एकस्वांना असलेला विरोध मुख्यतः येथून उगम पावतो. कारण या व्यवसायात एकच अडचण अनेकांस एकाच वेळी येते आणि तिचे उत्तरही बहुधा सारखेच निघते.

सर्वज्ञात गोष्टीवरील हक्क व हळदीचे प्रकरण : सर्वांच्या वापरातील गोष्टीवर एकस्व मिळू नये, हे तत्त्व सर्व देशांच्या कायद्यांत आहे. शोध नवीन असावा आणि त्या विषयातील सामान्य जाणकारास तो सहज सुचण्याजोगा नसावा, अशा दोन अटी त्यासाठी घातलेल्या असतात. अडचण असते ती तत्त्वाची नव्हे, पुराव्याची. ही अडचण कशी असते, हे मराठवाड्याच्या परिचयाच्या एका पिकावरून चांगले समजते.

नांदेड, हिंगोली व परभणी या जिल्ह्यांत हळदीची मोठी लागवड होते. नांदेड व वसमत येथील बाजार हळदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहेत. जखमेवर हळद दाबणे हा घरगुती उपचार या भागातील कोणत्याही घरात नव्याने सांगावा लागत नाही. असे असता, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर या विषयावर अ. सं. सं. मधील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मार्च १९९५ मध्ये एकस्व देण्यात आले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याच्या फेरतपासणीची मागणी केली. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर हे होते. भारतातील कोट्यवधी लोकांचा नित्याचा अनुभव हा येथे पुरेसा पुरावा नव्हता. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट केवळ माहीत असणे वा वापरात असणे नवीनतेस बाधक ठरत नसे. ती परदेशात छापील स्वरूपात प्रसिद्ध झालेली असावी लागे. म्हणून परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी व इंग्रजी अशा भाषांतील ३२ संदर्भ सादर केले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ च्या एका लेखाचाही समावेश होता. अमेरिकन एकस्व कार्यालयाने १९९७ मध्ये ते एकस्व अग्राह्य ठरविले. या लढ्यामुळे डॉ. माशेलकरांना ‘हळदीघाटीचे योद्धे’ हे नाव पडले.

या प्रकरणानंतर पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश तयार करण्याचे काम २००१ मध्ये भारतात हाती घेण्यात आले. अ. सं. सं. च्या कायद्यातील परदेशी वापरासंबंधीची अट २०११ च्या सुधारणेने काढून टाकण्यात आली व ती सुधारणा मार्च २०१३ पासून अंमलात आली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. एकस्व रद्द करविण्याचा खर्च व खटाटोप परिषदेसारखी शासकीय संस्था करू शकली. एखाद्या गावच्या हळद उत्पादकास ते शक्य झाले नसते. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातही नेमके हेच घडते. विशेषतः १९९० पूर्वीच्या कित्येक आज्ञावली एकस्वाविना, कॉपीराइट वा व्यापारी गुपिताच्या आधाराने वापरात राहिल्या. त्यांतील युक्त्या जाणकारांना ठाऊक होत्या, पण एकस्व कार्यालयाच्या दप्तरात त्या नव्हत्या. परीक्षक मुख्यतः जुनी एकस्वे चाळतात. तेथे जे आढळत नाही ते नवीन असल्याचा समज होण्याचा संभव असतो.

पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणाचा दुसरा मार्ग भौगोलिक मानांकनाचा होय. वसमतची हळद, तसेच लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ व काष्टीची कोथिंबीर यांस २०२४ मध्ये असे मानांकन मिळाले. मात्र मानांकन व एकस्व यांची गल्लत करू नये. एकस्वास नवीनता लागते, तर मानांकनास पिढ्यानुपिढ्यांची ख्याती. एकस्व व्यक्तीचे वा कंपनीचे असते, मानांकन त्या भूभागातील उत्पादकांच्या समूहाचे.

अ. सं. सं. मधील वाटचाल : सॉफ्टवेअर एकस्वांचा इतिहास बव्हंशी अमेरिकन न्यायालयांत घडला. आकड्यांचे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीवर एकस्व देता येणार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ठरविले. रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेत संगणकाचा उपयोग केल्याने ती प्रक्रिया अपात्र ठरत नाही, असे त्याच न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटले. पुढे १९९८ मध्ये एका अपील न्यायालयाने ‘उपयुक्त, मूर्त व प्रत्यक्ष फल’ देणारी कोणतीही पद्धत, मग ती व्यवसायाची का असेना, एकस्वास पात्र मानली. दरवाजा येथे सताड उघडला. पुढच्याच वर्षी ॲमेझॉन या कंपनीस एकदाच कळ दाबून खरेदी पुरी करण्याच्या पद्धतीवर एकस्व मिळाले आणि तिने लगेच बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर दावा लावला. न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये मनाईहुकूम दिला. अपिलात तो २००१ मध्ये रद्द झाला आणि पुढील वर्षी तडजोड झाली. हे एकस्व २०१७ मध्ये संपुष्टात आले. तोवर मधल्या काळात इतर विक्रेत्यांना ग्राहकाकडून मुद्दाम आणखी एक कळ दाबून घ्यावी लागे, हा त्या एकस्वाचा प्रत्यक्ष परिणाम होय.

समाजमाध्यमांतील पहिले महत्त्वाचे एकस्व सिक्स डिग्रीज या १९९७ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळाचे होते. अँड्र्यू वाइनराइश यांच्या या संकेतस्थळावर एक सदस्य दुसऱ्यास निमंत्रण देई, दुसरा ते मान्य करी आणि अशा जोडण्यांतून ओळखींची नोंदवही तयार होई. संकेतस्थळ फार काळ टिकले नाही, परंतु त्याचे एकस्व जानेवारी २००१ मध्ये मंजूर झाले. समाजमाध्यमांचा मूळ सांगाडाच त्यात आलेला असल्याने ते कोणाच्या हाती जाते यास महत्त्व होते. लिंक्डइनचे रीड हॉफमन व ट्राइबचे मार्क पिंकस यांनी ते २००३ मध्ये ७ लक्ष डॉलरना विकत घेतले. हे एकस्व शत्रूच्या हाती पडू नये, हा त्यांचा मुख्य हेतू होता. फ्रेंडस्टर या दुसऱ्या जुन्या संकेतस्थळाची एकस्वे फेसबुकने २०१० मध्ये सु. ४ कोटी डॉलरना घेतल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत फेसबुकला स्वतःला परिचितांच्या घडामोडींची ताजी यादी पुरविण्याच्या पद्धतीवर एकस्व मिळाले. ज्याला आज लाखो लोक ‘फीड’ म्हणून ओळखतात, ती हीच यादी होय.

या एकस्वांचा शस्त्र म्हणून उपयोग २०१२ मध्ये ठळकपणे दिसून आला. फेसबुकच्या भागविक्रीची तयारी चालू असताना १२ मार्च रोजी याहू या कंपनीने तिच्यावर दहा एकस्वांच्या भंगाचा दावा लावला. फेसबुकने आय. बी. एम. कडून सु. ७५० एकस्वे विकत घेतली, ३ एप्रिल रोजी याहूवर दहा एकस्वांचा प्रतिदावा केला आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टकडून मूळच्या ए. ओ. एल. कंपनीची सु. ६५० एकस्वे ५५ कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. जुलैत दोन्ही पक्षांनी एकमेकांना परवाने देऊन भांडण मिटविले. एकमेकांच्या एकस्वांची एवढी मोठी रास दोहोंकडे असल्यावर खटला चालविण्यात कोणाचाच लाभ नव्हता. ज्याच्याकडे अशी रास नाही, त्या लहान कंपनीस मात्र हा मार्ग बंद असतो. एकस्वपद्धती लहान शोधकास मोठ्या कंपनीपासून वाचविते, असे तिचे समर्थक सांगतात. या क्षेत्रात त्याचा अनुभव क्वचितच आलेला आहे.

तथापि लहान शोधकाच्या बाजूचे एक उदाहरण नोंदविणे न्याय्य होईल. योस व्हान देर मेर हे डच आज्ञावलीकार १९९८ च्या सुमारास सर्फबुक नावाच्या दैनंदिनीसारख्या संकेतस्थळाची आखणी करीत होते आणि तिच्यावर त्यांना अ. सं. सं. मध्ये एकस्वे मिळाली. ते २००४ मध्ये मरण पावले. त्यांची एकस्वे घेतलेल्या रेम्ब्रँट सोशल मीडिया या संस्थेने फेब्रुवारी २०१३ मध्ये फेसबुकवर दावा लावून पसंतीची कळही त्यांतून उचलल्याचे म्हटले. व्हर्जिनिया राज्यातील ज्यूरीने जून २०१४ मध्ये भंग झाला नसल्याचा व एकस्वेही ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. शोधकाच्या पश्चात त्याच्या नावाने भांडणारी संस्था स्वतः कोणतेही संकेतस्थळ चालवीत नव्हती. अशा संस्थांवरील टीका तीव्र असली, तरी हयातीत ज्याचे एकस्व कोणी विचारले नाही, अशा शोधकास दुसरा कोणता मार्ग होता, असाही प्रश्न विचारला गेला.

ब्लॅकबेरीने मार्च २०१८ मध्ये फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम यांवर दावा केला. त्यात न वाचलेल्या संदेशांची संख्या दाखविण्याच्या पद्धतीचाही अंतर्भाव होता. त्यावर फेसबुकने सप्टेंबरात उलट दावा केला आणि जानेवारी २०२१ मध्ये तडजोड झाली. ट्विटरने मात्र वेगळी वाट धरली. पडदा खाली ओढून मजकूर ताजा करण्याची युक्ती लॉरेन ब्रिक्टर यांची. त्यांचे ट्वीटी हे उपयोजन ट्विटरने २०१० मध्ये घेतले व या युक्तीवर मे २०१३ मध्ये एकस्व मिळविले. परंतु मूळ शोधकाच्या संमतीवाचून कोणावर आक्रमक दावा लावणार नाही, असे वचन देणारा करारनामा ट्विटरने एप्रिल २०१२ मध्येच जाहीर केला होता. म्हणूनच ही युक्ती आज सर्वत्र निर्वेधपणे वापरली जाते. कायद्यातील उणीव एखाद्या कंपनीच्या सौजन्याने भरून निघाली, एवढाच याचा अर्थ.

अ. सं. सं. च्या सर्वोच्च न्यायालयाने १९ जून २०१४ रोजी ॲलिस कॉर्पोरेशनविरुद्ध सी. एल. एस. बँक या खटल्यात एकमताने ठरविले, की तिऱ्हाइताच्या मध्यस्थीने व्यवहार पुरा करण्यासारखी अमूर्त कल्पना साध्या संगणकावर राबविल्याने ती एकस्वास पात्र होत नाही. त्यानंतर अशी कित्येक एकस्वे न्यायालयांत रद्द झाली. यूरोपात मतभेद संसदेपर्यंत गेले होते. तेथे सॉफ्टवेअर एकस्वांसंबंधीचा निर्देश यूरोपीय संसदेने ६ जुलै २००५ रोजी १४ विरुद्ध ६४८ मतांनी फेटाळला.

भारतीय कायदा : न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर १९७० चा एकस्व अधिनियम रचला गेला. काय शोध नव्हे, याची यादी त्याच्या कलम ३ मध्ये आहे. २००२ च्या दुरुस्तीने त्यात ‘के’ हे उपकलम घालण्यात आले व ते २० मे २००३ पासून लागू झाले. गणिती पद्धती, व्यवसायपद्धती, गणनविधी आणि संगणकाची आज्ञावली ‘पर से’, म्हणजे केवळ आज्ञावली या नात्याने, शोध मानली जाणार नाही, असे हे उपकलम सांगते. ‘पर से’ हे दोन लॅटिन शब्द संसदेच्या संयुक्त समितीने घातले. आज्ञावलीस जोडून येणारा खरा शोध नाकारला जाऊ नये, हा त्यांचा उद्देश होता. गेल्या दोन दशकांतील बहुतेक वाद या दोन शब्दांभोवती फिरत आला आहे. २६ डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने उद्योगातील तांत्रिक उपयोग व यंत्रसामग्रीशी सांगड असलेल्या आज्ञावलींना वाट मोकळी करून देण्यात आली होती. परंतु २००५ मध्ये संसदेने अधिनियम करताना ती दुरुस्ती वगळली. संसदेने विचारपूर्वक नाकारलेली गोष्ट पुढे मार्गदर्शक सूचनांच्या वाटेने परत आणली जात आहे, असा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी वारंवार घेतला आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. एकस्व कार्यालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये काढलेल्या सूचना विरोधामुळे डिसेंबरात स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ च्या सूचनांत नवीन यंत्रसामग्रीची अट होती. जून २०१७ मध्ये ती गळाली. फरीद अल्लानी यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये शोधाचा ‘तांत्रिक परिणाम’ पाहण्यावर भर दिला. २०२५ मध्ये या सूचना पुन्हा सुधारण्यात आल्या.

महाराष्ट्रातील उद्योगाशी निगडित असे या विषयातील उल्लेखनीय प्रकरण मुंबई येथील रेडिफ डॉट कॉम या कंपनीचे होय. शोधयंत्रात जाहिरातदारांनी शब्दांवर बोली लावावी व तदनुसार त्यांची नावे यादीत वर यावीत, अशा पद्धतीवर याहूने भारतात एकस्व मागितले होते. रेडिफने त्यास मंजुरीपूर्व हरकत घेतली आणि चेन्नई येथील एकस्व कार्यालयाने अर्ज फेटाळला. बौद्धिक संपदा अपील मंडळानेही डिसेंबर २०११ मध्ये तो निर्णय कायम केला. पद्धती तांत्रिक दृष्ट्या कितीही चतुर असली, तरी ती मुळात व्यवसायाचीच पद्धती आहे, असे मंडळाचे मत पडले. हे मंडळ २०२१ मध्ये बरखास्त करण्यात आले असून आता अपिले उच्च न्यायालयांकडे जातात. मंजुरीपूर्व हरकत कोणीही घेऊ शकतो, हे भारतीय कायद्याचे वैशिष्ट्य. २०२४ च्या नियमांनी मात्र तिच्यासाठी शुल्क लावले आहे.

नांदेड व लातूर येथील स्थिती : मराठवाड्यातील अर्जदार मुंबई येथील एकस्व कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात. नांदेड येथे १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आणि १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. विद्यापीठाचे उपकेंद्र लातूरला आहे. शैक्षणिक संस्थांच्या शुल्कात सप्टेंबर २०२१ पासून ८० टक्के सवलत मिळू लागली व संस्थांच्या राष्ट्रीय मानांकनात एकस्वांची गणना होते. त्यामुळे महाविद्यालयांचे लक्ष या विषयाकडे वळले. येथे एका गल्लतीचा निर्देश आवश्यक आहे. अर्ज दाखल केल्यावर साधारणपणे १८ महिन्यांनी, किंवा विनंती केल्यास त्याआधी, तो शासकीय पत्रिकेत प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते. प्रसिद्ध झालेला अर्ज म्हणजे मंजूर एकस्व नव्हे. वृत्तपत्रांतून मात्र ‘प्राध्यापकास पेटंट’ अशा मथळ्याखाली दोन्ही सारखेच गौरविले जातात. निव्वळ मोबाइल उपयोजनावरील अर्जास परीक्षणाच्या वेळी वरील ‘के’ उपकलमाची हरकत येण्याचा संभव बराच असतो.

उलट बाजूने पाहता, या भागातील आज्ञावलीकारास परदेशी एकस्वांची भीती कितपत बाळगावी लागते? एकस्व ज्या देशात मंजूर झाले त्या देशापुरतेच असते. नांदेडच्या बाजारातील हळदीचे किंवा लातूरच्या आडतीतील तुरीचे भाव दाखविणारे उपयोजन एखाद्याने केले, त्यात न वाचलेल्या सूचनांचा ठिपका ठेवला व पडदा ओढून भाव ताजे करण्याची सोय केली, तर अमेरिकन एकस्वाचा भारतात त्यास उपसर्ग होत नाही. पण तेच उपयोजन अ. सं. सं. मधील ग्राहकांना विकावयाचे ठरविले, की परिस्थिती बदलते. लॉडसिस या संस्थेने २०११ मध्ये आयफोनसाठी लहान उपयोजने करणाऱ्यांना, उपयोजनाच्या आतून खरेदी करण्याच्या सोयीबद्दल परवानाशुल्काची मागणी करणारी पत्रे धाडली. त्या सोयीचा परवाना आपण आधीच घेतला आहे, असे सांगत ॲपल कंपनी न्यायालयात उतरली. तथापि काही ब्रिटिश आज्ञावलीकारांनी तोवर आपली उपयोजने अमेरिकन बाजारातून काढून घेतली होती. भारतात राहणाऱ्या शोधकास उलट दिशेनेही एक बंधन आहे: अधिनियमाच्या कलम ३९ नुसार येथील रहिवाशास प्रथम भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते अथवा परदेशात अर्ज करण्यापूर्वी लेखी अनुज्ञा घ्यावी लागते.